नसलेल्या व्हायरसची भीती : एका फसवणुकीचा इतिहास

१/ दिनांक ३ ऑक्टोबर २०१२. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा टोळ्यांवर खटले भरल्याचे जाहीर केले. नामांकित संगणक कंपनीचे नाव सांगून या टोळ्या लोकांना फोन करीत आणि अस्तित्वातच नसलेला व्हायरस 'काढून देण्याचे' ४९ ते ४५० डॉलर उकळीत, असा आरोप होता.

२/ यांतील बहुतेक फोन भारतातून जात. सावज मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधले. इंटरनेटमुळे परदेशी फोन स्वस्त झाले होते आणि कॉल सेंटरांमुळे इंग्रजीत संभाषण करणारे मनुष्यबळ तयार झाले होते. भामट्यांनी दोहोंचा लाभ उठवला.

३/ आता पुरावा कोणता दाखवत ते पाहा. विंडोज एनटीसोबत १९९३ मध्ये आलेला 'इव्हेंट व्ह्यूअर' म्हणजे संगणकाची रोजनिशी. धडधाकट यंत्रातही तेथे 'एरर' आणि 'वॉर्निंग' अशा नोंदी आढळतात. भामटा त्याच नोंदी मोजायला लावी.

४/ दुसरा पुरावा '८८८डीसीए६०'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा. 'हा केवळ तुमच्या यंत्राचा क्रमांक, आणि तो आमच्याकडे आहे,' असे सांगितले जाई. वस्तुतः तो विंडोजच्या सर्वच संगणकांवर सारखा असतो! विश्वास बसला, की दूरवरून संगणकाचा ताबा घेतला जाई.

५/ पुढे फोनची जागा पडद्यावर झळकणाऱ्या इशाऱ्यांनी घेतली. घाबरलेला माणूस स्वतःच दिलेल्या क्रमांकावर फोन करू लागला. एफबीआयच्या अहवालानुसार २०२३ मध्ये ६० वर्षांवरील सुमारे १८,००० जणांनी या प्रकाराची तक्रार केली. त्या वयोगटात सर्वाधिक तक्रारी याच फसवणुकीच्या होत्या.

६/ त्याच वर्षी ऑक्टोबरात सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत देशभर छापे घातले. त्यामागे मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्याही तक्रारी होत्या.

७/ या इतिहासात संगणक फारसा कोणी फोडलाच नाही. फोडला गेला तो माणसाचा धीर. म्हणून बचावही साधाच. अनाहूत फोन ठेवून द्यावा, पडद्यावरच्या क्रमांकावर फोन करू नये, अनोळखी व्यक्तीला संगणकाचा ताबा देऊ नये. पैसे गेलेच, तर भारतात १९३० या मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे.

८/ फसलेले आजी-आजोबा पुष्कळदा लाजेपोटी गप्प राहतात आणि भामट्याला दुसरी संधी मिळते. 'एवढेही कळले नाही?' हा घरातला प्रश्न त्या मौनाला बळ देतो. तो न विचारणे, हे संरक्षणाचे पहिले पाऊल.