थापटीने मडके भाजत नाही

चारचौघांत फजिती झाल्याशिवाय माणूस शिकत नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा साक्षीदार थेट पंढरपूरचा आहे. तेरढोकीला संतमंडळींच्या डोक्यांवर गोरोबाकाका कुंभारांनी थापटी मारून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. तो अपमान जिव्हारी लागला, म्हणूनच नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले. हसे होण्याचे भय नसेल तर रियाज करील कोण? युक्तिवाद वजनदार आहे. साक्षीदार मात्र उलटला आहे.

आख्यायिका पुरती वाचा. त्या बैठकीत नामदेव काय शिकले? काहीच नाही. ते रुसून पंढरीला परतले आणि विठ्ठलापाशी गाऱ्हाणे घातले. शिकणे घडले ते पुढे, शिवपिंडीवर पाय टाकून निजलेल्या विसोबांसमोर. तिथे हसायला कोणी नव्हते. अपमानाने त्यांना हलवले, हे मान्य. पण विसोबांची वाट विठ्ठलाने दाखवली. फजिती झालेल्या बाकीच्या पोरांना ती कोण दाखवतो? थापटीने मडके कच्चे आहे एवढेच कळते. ते भाजते आव्यात.

आख्यायिका हा पुरावा नव्हे, असे कोणी म्हणेल. मग १९८२ सालचा एक अमेरिकी प्रयोग घ्या. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या टेबलाशी चार प्रेक्षक येऊन उभे राहिले. तरबेज खेळाडूंचे यशस्वी फटके शेकडा ७१ वरून ८० वर गेले. कच्च्यांचे ३६ वरून २५ वर घसरले. लोकांची नजर पक्क्याला चढवते, कच्च्याला पाडते. आपण मात्र ती नेमकी कच्च्यावर रोखतो.

'म्हणजे पोरांना घरात कोंडायचे?' मुळीच नाही. नजर आणि सोबत यांतला भेद पाहायचा, तर चंद्रभागेच्या वाळवंटात चला. वारकरी कीर्तनात नवख्या पोराच्या हाती टाळ देऊन त्याला टाळकऱ्यांच्या रांगेत घेतात. पावली चुकते, टाळ मागे पडतो. रांग थांबत नाही. शेजाऱ्याकडे बघत तो सावरतो. समोर हजारो माणसे असतात, पण ती त्याला गुण द्यायला बसलेली नसतात. तीही गातच असतात. पुढे तोच कीर्तनाला एकटा उभा राहिला, तरी पाठीशी टाळकरी असतात. बोलता बोलता तो अडखळला, तर ते चाल उचलतात आणि त्याला श्वास घ्यायला सवड मिळते.

फजितीचे कैवारी ज्या परंपरेचा दाखला देतात, तिने शिकणाऱ्याची फजिती झाकायची एवढी तजवीज कशासाठी केली असेल?