संत्र्याच्या सालीचा फवारा

डिसेंबरातली संध्याकाळ. धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या बाजूने तुम्ही चालत येता, एक जिना चढता, स्पॅनिश धाटणीच्या बारचं दार ढकलून आत शिरता. भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या, टेबलांवर निळ्या-पिवळ्या फरश्या, कुठूनतरी हलकी गिटार. आरडाओरडा नाही. शेजारच्या टेबलावर आई, मुलगी आणि जावई बसलेत. नागपुरात दारू मिळते त्या जागी कुणी आईला घेऊन येतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

"बसा न जी, आरामात सांगा," वाढणारा पोरगा म्हणतो. तुम्ही सांग्रिया मागवता. 'सांग्रे' म्हणजे स्पॅनिशमध्ये रक्त. लाल वाइनमध्ये फळांच्या फोडी मुरवायच्या आणि थंडगार प्यायची, हे तिचं सगळं शास्त्र. युरोपात २०१४पासून नुसतं 'सांग्रिया' हे नाव बाटलीवर लावायचं तर ती स्पेनची किंवा पोर्तुगालचीच लागते. तुमच्या पेल्यातली वाइन नाशिकची आहे आणि संत्रं काटोलचं, आंबिया बहाराचं. स्पेनमध्ये संत्र्याला सुरी लागते. आपलं संत्रं अंगठ्याने सुटतं, साल त्याला चिकटून राहतच नाही. बारवाला सालीचा एक तुकडा पेल्यावर धरतो आणि चिमटीत दाबतो. बारीक फवारा उडतो. तो वास नाकात जातो आणि तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा ऊन आहे. बारावं शतक, शहराचं नाव इश्बीलिया. पुढे लोक त्याला सेव्हिल म्हणतील. मुस्लिमांचं राज्य आहे. दगडी पाटातून पाणी झुळझुळतंय आणि गर्द पानांच्या झाडांवर केशरी फळं लगडलीत. एक तोडून चाखता आणि तोंड वाकडं होतं. जहर कडू! हे आपलं संत्रं नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद. इब्न अल-अव्वाम याच शहरातला, शेतीवर थोरला ग्रंथ लिहिणारा; या झाडाची निगा कशी राखायची तेही त्याने लिहून ठेवलंय. तुम्ही माळ्याला फळाचं नाव विचारता. तो म्हणतो, "नारंज."

तुम्ही चमकता, कारण तुमची आजी नारिंगच म्हणायची आणि तिच्या लुगड्याचा रंग नारिंगी होता. संस्कृतातला नारंग इराणमार्गे अरबांकडे गेला, अरबांबरोबर इथे आला, आणि स्पॅनिश लोक त्याला 'नारांखा' म्हणू लागले. (संत्रा हा शब्द पोर्तुगालातल्या सिंत्रा गावावरून आला असं काही जण सांगतात. पण सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आठवणींत 'संगतरा' लिहून ठेवलंय, म्हणून मला ते पटत नाही.)

अंगणाच्या कोपऱ्यात एक भांडं उकळतंय. गुलाबपाणी काढायचं चाललंय. वाफ नळीतून जाते, निवते, थेंब होऊन खाली पडते. या भांड्याला अरब 'अल-अंबीक' म्हणतात; स्पॅनिशमध्ये त्याचंच 'आलांबीके' झालं. तुम्ही थेंबाकडे बघत राहता. एक, दोन, तीन.

टप्. टप्.

आता अंधार आहे आणि आवाज पानांवर पडतोय. फाल्गुन सरत आलाय, साल १७०२च्या आसपासचं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने राजापूर बारसा नावाच्या १२ वाड्या एकत्र करून नाग नदीकाठी शहर वसवायला घेतलंय. त्याच शहरात तुम्ही जन्मलात. पण या पहाटे तुम्ही तिथून लांब, देवगडकडच्या रानात, मोहाच्या झाडाखाली उभे आहात. रात्रभर फुलं गळताहेत. बायकांनी काल झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलीय, म्हणजे पांढुरकी फुलं उजाडताच दिसावीत. त्या घाईने वेचतात, कारण अस्वलालाही मोह फार आवडतो. एक फूल तुम्ही तोंडात टाकता. मांसल, रसाळ, गोड, आणि वास असा की जिभेवरून दिवसभर जाऊ नये.

उन्हात ही फुलं सुकून मनुकांसारखी तपकिरी होतात. ती वर्षभराची पुंजी असते. दाणे संपले की हीच शिजवून खायची. त्यातली थोडी मडक्यात भिजत घालतात, काही दिवस आंबू देतात. मग मडक्यावर मडकं, सांध्याला चिखल, वरच्या भांड्यात गार पाणी, खाली मंद जाळ. वाफ निवते. थेंब पडतो. सेव्हिलच्या अंगणात पाहिली तीच युक्ती, इथे मातीच्या मडक्यात.

संध्याकाळी तुमच्या हातात पानाचा द्रोण येतो. तुम्ही ओठाला लावणार तोच एक म्हातारा मनगट धरतो. आधी काही थेंब मातीला, पूर्वजांना. मग तुम्हाला. सगळे खाली बसलेत, बाया, बाप्ये, म्हातारे. सोबत भाजलेलं काहीतरी खायला आहे, आणि उठायची घाई कुणालाच नाही.

परतीची वाट मात्र कडवट आहे. १८५३-५४मध्ये नागपूरचं राज्य कंपनीने खालसा केलं. मागून अबकारी आली, ठेके आले, घरची भट्टी गुन्हा ठरली. तिकडे ठाणे-कुलाब्यात तर १८९२च्या कायद्याने मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंधनं आणली. द्रोण गेला आणि पिणं लपून, उभ्याने, रिकाम्या पोटी होऊ लागलं. त्यातून जे उद्ध्वस्त झालं ते आपण पाहिलंय. वर्धा १९७४पासून दारूबंद आहे, गडचिरोली १९९३पासून. गडचिरोलीत बायांनी त्यासाठी जो लढा दिला त्यापुढे मी मान झुकवतो. नवरा पगार पिऊन टाकतो तेव्हा घरात काय शिजतं, हे त्यांना ठाऊक होतं.

डोळे उघडा. गिटार अजून वाजतेय. पोरगं एक लहानशी बशी तुमच्यापुढे ठेवतं. 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यावर पावाचा तुकडा झाकण म्हणून ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं असं स्पेनमध्ये सांगतात. आपण चकणा म्हणतो. बशीत सांबारवडी आहे, कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या आपल्या वऱ्हाडा-नागपूरकडची, हिवाळ्यातली, आतून हिरवीगार. वाइनबरोबर ती उत्तम लागते. एक घास, एक घोट, मग गप्पा. पेला अर्धा व्हायला पाऊण तास गेलाय, आणि असंच प्यावं.

शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा द्यायचं २०२१मध्ये जाहीर केलं. तुमच्या समोरच्या यादीत हेरेसची शेरी आहे, वर्मुथ आहे, तीन तऱ्हेच्या सांग्रिया आहेत. ज्या राजाने हे शहर वसवलं त्याच्या रानातला मोह त्यात नाही.

उठण्याआधी त्या पोराला विचारा, "मोहाचं काही आहे का जी?" नाही म्हणाला तरी पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.