साठ हजार फुटांवरचा वारा

वारा कुठून सुटला हे आपण शेतात उभ्या उभ्या सांगतो. गारवा किती तेही सांगतो. पण वारा वेगळा आणि गारवा वेगळा, असेच आपण धरून चालतो. खूप उंचावर मात्र ही दोघे सख्खी भावंडे आहेत. काँकॉर्ड विमानाची हकीकत ऐकलीत म्हणजे पटेल.

इंग्रज-फ्रेंचांचे हे विमान १९७६ पासून २००३ पर्यंत उतारू घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडत असे. साधी जेट विमाने तीस-चाळीस हजार फुटांवरून जातात. हे पन्नास ते साठ हजारांवरून जाई. अटलांटिक समुद्रावर साध्या विमानांचे मार्ग वारा पाहून रोज नव्याने आखतात. काँकॉर्डचे मार्ग मात्र कायमचे ठरलेले होते. असे का बरे?

आपल्या उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची हवा ऊन, उत्तरेकडची थंड. ऊन हवा फुगते, म्हणून उंचावर दक्षिणेकडे दाब अधिक राहतो. हवा उत्तरेकडे निघते खरी, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते आणि पश्चिमेचा वारा बनते. पस्तीस-चाळीस हजार फुटांपर्यंत तो वाढतच जातो. त्याच्या वर सगळा उलटा कारभार! तिथे दक्षिणेकडची हवाच अधिक थंड. मग वारा मंदावतो. अर्थात नेहमीच नव्हे. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी पाठीशी जोराचा वारा मिळाला आणि काँकॉर्ड न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत पोहोचले.

पण वैमानिकाला खरी धास्ती तपमानाची. बाहेर उणे ५७ अंश थंडी असतानाही हवा दाबली जाऊन विमानाचे नाक सुमारे १२० अंशांपर्यंत तापे. मर्यादा होती १२७ अंशांची. बाहेरची हवा पाच-सहा अंशांनी ऊन लागली, की वेग कमी करणे आले. इंजिनाचा जोरही घटे. आणि खाली तर नुसता समुद्र! उलट, बार्बाडोस बेटाच्या वाटेवर उष्ण कटिबंधातली वरची हवा फार थंड, म्हणून तिकडे विमान साठ हजार फूट गाठी.

आता आपल्या डोक्यावर पाहा. पावसाळ्यात तिबेटचे पठार तापते आणि दक्षिणेपेक्षा उत्तरेकडचीच हवा ऊन होते. हिशेब फिरला, वाराही फिरला. उंचावर पूर्वेकडून जोराचा झोत वाहू लागतो. भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली या झोताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची उंची चौदा-पंधरा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ काँकॉर्डच्याच वाटेची.