काकांची १६८ पौंडांची यादी

आमच्या थोरल्या काकांनी साउथ वेल्समधल्या एका खाणखोऱ्यात उभी हयात डॉक्टरकी केली. दवाखान्यात येणारे बहुतेक जण कोळशाच्या खाणीतले, छातीत धूळ बसलेले म्हातारे. दम लागत असतानाही त्यांना बोलायचं असायचं ते बॉक्सिंगवर. १९३७ची रात्र त्यांना तोंडपाठ होती. टोनीपँडीचा खाणकामगार टॉमी फार न्यूयॉर्कला जो लुईसपुढे पंधराच्या पंधरा फेऱ्या उभा राहिला, हरला तो गुणांवर, आणि इकडे सगळं खोरं पहाटेपर्यंत रेडिओला कान लावून जागं होतं. काकांना बॉक्सिंगचा नाद लावला तो या म्हाताऱ्यांनी. कुस्तीचा होताच, सांगलीचं घर ना आमचं!

आजोबांना, म्हणजे अण्णांना, वजनगट ही भानगडच पटायची नाही. त्यांनी तरुणपणी खासबागेतल्या कुस्त्या पाहिलेल्या. वस्तादांनी डोळ्यांनी जोखून तोडीस तोड जोड लावायची, तराजू कशाला हवा? मग काका फोनवर समजावत. मिडलवेट १६० पौंडांवर संपायचं आणि त्यावरचा लाइट हेवीवेट थेट १७५ला. मधल्या माणसानं एक तर पाणी तोडून, घाम गाळून १६०वर यायचं, नाहीतर आपल्याहून अंगानं मोठ्या गड्याचा मार खायचा. डॉक्टर असल्यामुळे पाणी तोडण्याचा काकांना फार राग. १९८४ साली १६८ पौंडांचा, म्हणजे साधारण ७६ किलोंचा, सुपर मिडलवेट गट आला आणि मरे सदरलंड त्याचा पहिला विजेता झाला. काका तेव्हापासून त्या गटाचेच झाले.

१९८९मध्ये रे लिओनार्ड आणि टॉमी हर्न्स याच गटात भिडले. हर्न्सनं लिओनार्डला दोनदा खाली बसवलं, तरी पंचांनी सामना बरोबरीत सोडवला. अण्णांचा सांगलीहून एकच प्रश्न असायचा, "निकाली झाली का न्हाई?" त्या दिवशी ते म्हणे ओरडले, "दोनदा पाडला आन् बरोबरीत? पंच झोपला हुता काय?" हे मी वडिलांकडून ऐकलं. आत्या सांगते की ओरडली आजी, अण्णा नुसते खोकले. कोणाचं खरं धरायचं कोण जाणे. पण पुढं लिओनार्डनंही कबूल केलं की ती लढत हर्न्सची होती, तेव्हा ओरडणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

नव्वदच्या सुरुवातीला हा गट इंग्लंडनं जणू दत्तक घेतला. एका डोळ्यावर काच लावून तोऱ्यात फिरणारा ख्रिस युबँक आणि रिंगणात आग ओतणारा नायजेल बेन. शनिवारी रात्री टीव्हीसमोर काकूनं केलेलं भडंग, भरपूर शेंगदाणे आणि कढीपत्ता घातलेलं, आणि शेजारची म्हातारी वेल्श केक घेऊन हजर. २१ सप्टेंबर १९९१ची रात्रही तशीच सुरू झाली असणार. लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर युबँक आणि मायकल वॉटसन. अकराव्या फेरीत वॉटसननं युबँकला गुडघ्यावर आणलं. युबँक उठला आणि त्यानं खालून वर मारलेल्या एकाच ठोशानं वॉटसन मागं कोसळला, मान दोरावर आपटली. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. मैदानावर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती. मेंदूत रक्त साचत होतं आणि योग्य इस्पितळात पोचण्यात फार वेळ गेला. चाळीस दिवस तो बेशुद्ध होता.

काका टीव्हीसमोर उभे राहून म्हणत होते, "नळी घाला रे त्याला, श्वास बघा." काकूनं भडंगाची परात उचलून आत नेली आणि त्यानंतर तिनं एकही सामना पाहिला नाही. मी पुढं त्यांच्याकडे शिकायला राहिलो तेव्हा सामना लागला की ती स्वयंपाकघरात बसायची आणि मध्येच विचारायची, "अहो, दोघं उठले का?"

वॉटसननं ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर खटला भरला आणि जिंकला. भरपाईसाठी बोर्डाला लंडनची कचेरी विकावी लागली आणि ते काकांच्याच मुलखात, कार्डिफला आलं. रिंगणाशेजारी कोण डॉक्टर हवेत, कोणती साधनं हवीत, याचे नियम कडक झाले. काका म्हणत, या गटात सर्वांत जास्त जीव वाचवले ते वॉटसननं. २००३ मध्ये तो लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालला. शेवटी सोबतीला युबँक होता. ते मात्र काकूनं पाहिलं.

काकांची क्रमवारी कालनिर्णयाच्या जुन्या पानामागं लिहिलेली असे. कसोटी एकच, गटात किती वर्षं राहिला आणि त्यात कोणाला टाळलं नाही. म्हणून रॉय जोन्स खाली. १९९४मध्ये अपराजित जेम्स टोनीला त्यानं एकतर्फी हरवलं, तसा हातांचा वेग पुन्हा दिसला नाही, पण दोन वर्षांत वरच्या गटात निघून गेला. पहिला नंबर जो कॅल्झागीचा. बाप एन्झो सार्डिनियाचा, मूळचा वाजवणारा माणूस, स्वतः कधी व्यावसायिक बॉक्सर नसलेला, आणि त्यानंच न्यूब्रिजच्या साध्या जिममध्ये पोराला घडवलं. १९९७मध्ये युबँकला हरवून घेतलेला पट्टा दहा वर्षं हलला नाही. एकवीस वेळा राखला. नोव्हेंबर २००७मध्ये कार्डिफला पन्नास हजारांवर माणसांपुढं मिकेल केसलरशी लढत झाली, अमेरिकेतल्या टीव्हीसाठी मध्यरात्रीनंतर. डेन्मार्कचा केसलरही तोवर अपराजित. आम्ही दोघं गेलो होतो. पहिल्या फेऱ्यांत केसलरचे अपरकट लागत होते, मग कॅल्झागीनं लय बदलली आणि त्याचे हात थांबेचनात. काका एरवी शांत गृहस्थ, तिथं मराठीत ओरडत होते.

तरी माझा पहिला नंबर आंद्रे वॉर्ड आहे, आणि हे मी काकांना तोंडावर सांगितलं होतं. कॅल्झागीच्या एकवीसमध्ये बरेच प्रतिस्पर्धी किरकोळ होते. वॉर्डनं २००९ ते २०११च्या सुपर सिक्स स्पर्धेत केसलर, आर्थर अब्राहम, कार्ल फ्रॉच असे ओळीनं हरवले आणि क्वचितच कोणी त्याला नीट हात लावू शकला. दुसरा कॅल्झागी, तिसरा जोन्स. कॅनेलो अल्वारेझ पाहायला काका नव्हते. त्यानं वर्षाच्या आत कॅलम स्मिथ, साँडर्स आणि प्लँटला हरवून २०२१मध्ये गटातले चारही संघटनांचे पट्टे गोळा केले. काकांनाही तो आवडला असता. २०२५मध्ये दोन गट खालून आलेल्या क्रॉफर्डनं त्याला हरवलं, तरी त्याचा चौथा नंबर मी काढत नाही.

चुलतभाऊ नॉटिंगहॅमला असतो, त्याला त्याच्या गावचा फ्रॉच वर हवा. केसलरकडून हरल्यावर त्यानं २०१३मध्ये परतफेड केली, ग्रोव्ह्सला वेम्ब्लीवर ऐंशी हजारांपुढं एका उजव्यानं झोपवलं, हे तो दर दिवाळीच्या फोनवर ऐकवतो. मी म्हणतो, वॉर्डचं काय? तो म्हणतो, ती लढत निकाली नव्हती, गुणांवर गेली. अण्णांचा नातू शोभतो खरा.