डाग विकले तेव्हा कुणी विचारलं नाही

नरसीच्या परतवारीला बांगड्यांचा गाडा लावणारी बाई दुपारपर्यंत सांगू शकते की यंदा लोकांच्या हातात पैसा आहे की नाही. डझन भरणारी बाई चारच भरून उठली, लेकराला फुगा घेताना दोनदा भाव विचारला, की तिला कळतं. कागद नाही, पेन्सिल नाही, पण हिशोब पक्का.

सरकार, बँका आणि कारखानदार यांनाही हेच जाणून घ्यायचं असतं: लोक धास्तावलेत की निर्धास्त आहेत? कारण धास्तावलेला माणूस गाठीला पैसा असूनही खर्च करत नाही. त्यानं लुगडं घेतलं नाही की दुकानदार बसून राहतो, दुकानदारानं माल उचलला नाही की गिरणीतला कामगार घरी बसतो. मंदी अशी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. लोकांचं मन ओळखायचा हा खटाटोप कसा सुरू झाला, त्याची आजची गोष्ट.

1929 साली अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी आली. आपला हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होता. चलन वेगळं, हाली शिक्क्याचं. पण हिंगोली ही कापसाची नावाजलेली पेठ, आणि कापसाचा भाव ठरायचा परदेशातल्या बाजारात. दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव निम्म्यापर्यंत घसरले. शेतसारा मात्र रोखच भरायचा, आणि सावकाराचं व्याज काही निम्मं झालं नाही.

सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडनं आपल्या पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून इथं सोन्याचा भाव चढला. तोळ्याला 21 रुपयांच्या आसपास असलेला भाव बघता बघता खूप वर गेला, आणि घराघरांतलं सोनं बाहेर पडलं. पुतळ्या, बोरमाळ, एकदाणी, पाटल्या सराफाकडे गेल्या, तिथून मुंबईला, आणि मुंबईच्या बंदरातून आगबोटीनं परदेशात. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं असं देशाबाहेर गेलं.

आता गंमत ऐका. गंमत कसली म्हणा. इंग्रज सरकारचं म्हणणं असं, की लोकांना चांगला भाव मिळतोय म्हणून ते खुशीनं सोनं विकतायत, नफा कमावतायत. राष्ट्रीय चळवळीतल्या पुढाऱ्यांचं म्हणणं, हे अडचणीत सापडलेल्या माणसांचं सोनं आहे, सारा आणि कर्ज फेडायला निघालेलं. दोघांच्या हातात आकडे तेच होते. बोटीवर किती सोनं चढलं ते बंदरात मोजलेलंच होतं. ज्यांच्या गळ्यातून ते उतरलं त्या बायांना मात्र कुणी पद्धतशीर विचारलं नाही, की बाई, का विकलंस? मला विचाराल तर पुढाऱ्यांचं म्हणणं खऱ्याच्या जवळ होतं. भाव चढला म्हणून अंगावरचे डाग मोडणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

1972 च्या दुष्काळातही मोजमाप झालं ते हजेरीपटावर. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती, त्यांत बायांची संख्या मोठी. खडी फोडायला कोण किती आलं, यावरून हलाखी किती हे सरकारला कळायचं. उद्याची धास्ती किती, हे हजेरीपटात लिहिलेलं नसतं.

थेट विचारायची कल्पना खरी रुजली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. बुडापेस्टला जन्मलेले जॉर्ज कटोना मिशिगन विद्यापीठात होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: खर्च हा ऐपतीवर चालतो तसाच मनावरही चालतो, तेव्हा मनाचंही विचारा. 1946 पासून त्यांनी घरोघरी प्रश्न सुरू केले. मागच्या वर्षीपेक्षा तुमचं बरं चाललंय की वाईट? पुढच्या वर्षी काय होईल? मोठी वस्तू घ्यायला ही वेळ चांगली आहे का? ही पाहणी अजून चालू आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक 2010 पासून अशी पाहणी करते. तिचा निर्देशांक ऐकायला अवघड, पण करायला सोपा. समजा आपल्या गटात 20 जणी आहेत. विचारलं, वर्षापूर्वीपेक्षा कसं आहे? 5 जणी म्हणाल्या बरं, 12 म्हणाल्या वाईट, 3 म्हणाल्या तसंच. बरं म्हणणाऱ्या शंभरात 25, वाईट म्हणणाऱ्या शंभरात 60. 25 मधून 60 वजा केले, उणे 35. त्यात 100 मिळवले, झाले 65. म्हणजे 100 च्या वर असेल तर समाधान जास्त, खाली असेल तर चिंता जास्त. रिझर्व्ह बँक असं एकूण परिस्थिती, रोजगार, महागाई, उत्पन्न आणि खर्च या पाच गोष्टींबद्दल विचारते आणि सरासरी काढते.

कोरोनाच्या काळात हा आकडा काय सांगत होता? एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा जवळजवळ पाव हिश्शानं घटलं. शेती तेवढी तगली. जुलै 2020 मध्ये निर्देशांक 53.8 होता. तरी पुढच्या वर्षाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर 100 च्या वर होतं, लोकांना आशा होती. दुसरी लाट आली आणि मे 2021 मध्ये आजचा आकडा 48.5 वर गेला, आणि उद्याचाही 100 च्या खाली उतरला. पण ही घरं होती 13 मोठ्या शहरांतली. महाराष्ट्रातलं त्यात एकटं मुंबई. आपली नरसी, सेनगाव, औंढा त्यात कुठून असणार? खेड्यापाड्यांतल्या घरांसाठी वेगळी पाहणी रिझर्व्ह बँकेनं सुरू केली ती अगदी अलीकडे.

न विचारता नुसत्या विक्रीवरून अंदाज बांधला तर काय घोटाळा होतो, ते पारले-जीच्या पुड्यावर बघा. ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीनं सांगितलं की मागणी घटलीय, हे असंच चाललं तर 8 ते 10 हजार माणसं कमी करावी लागतील. पाच रुपयांचा पुडासुद्धा लोक घेईनात, याची देशभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत त्याच बिस्किटाचा खप विक्रमी झाला. म्हणजे लोकांचे दिवस सुधारले होते का? गावाकडे पायी निघालेल्यांच्या पिशवीत तो पुडा होता, मदत वाटणाऱ्यांच्या किटमध्ये तो होता. खप घटला तेव्हाही ओढाताण, वाढला तेव्हाही ओढाताण. 1931 च्या सोन्यासारखंच हे.

त्या 2020 च्या एप्रिल, मे, जूनमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत महिन्याला 500 रुपये आले. मंदिरं मार्चपासून पाडव्यापर्यंत, 16 नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली, त्यामुळे परतवारीची गर्दीही नाही आणि बांगड्यांचा गाडाही नाही. त्या वर्षी आपल्या भागातल्या बायांचं मन कसं होतं, हे शोधायला शहरातला आकडा उपयोगाचा नाही. पण बचत गटाच्या पेटीत एक रजिस्टर आहे, आणि त्यात कर्ज कशासाठी घेतलं हा रकाना आहे. शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी असं लिहिलेलं असेल तर ती बाई पुढचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवून होती. किराणा, दवाखाना, आधीचं देणं असं लिहिलेलं असेल तर ती आजचा दिवस ढकलत होती. काही जणींनी बचत चालू ठेवली पण कर्ज मागणंच सोडलं असेल. ती धास्ती रकान्यात दिसणार नाही, कोरी ओळ दिसेल, आणि त्या कोऱ्या ओळीचं कारण त्या बाईलाच विचारावं लागेल.

पुढच्या बैठकीला 2019, 2020 आणि 2021 ची पानं काढा. कुणाचं नाव वाचू नका, नुसता रकाना वाचा, आणि वरच्यासारखा 20 जणींचा हिशोब करून आजचा आपला आकडा किती येतो तेही बघा.