अणूच्या अस्तित्वाचा पुरावा

पाणी, मीठ, लोखंड, हवा हे नित्य व्यवहारातील सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, हे विधान आज क्रमिक पुस्तकांतही निःशंकपणे केले जाते. परंतु त्यास सत्याची प्रतिष्ठा कोणत्या पुराव्याने लाभली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मूलद्रव्ये ठराविक प्रमाणांतच का संयोग पावतात, याचा उलगडा जॉन डाल्टन यांनी १८०८ साली अणूंच्या कल्पनेने केला. तथापि पाण्याच्या घटकात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एकच अणू असतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. हायड्रोजनचे दोन अणू मानण्याविषयी रसायनज्ञांचे मतैक्य होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. अशा स्थितीत, अणू ही केवळ हिशेबाची सोय होय, वस्तुस्थिती नव्हे, असे मानणारा पक्ष बलवान राहिला. एर्न्स्ट माख व व्हिल्हेल्म ऑस्टव्हाल्ट हे त्याचे अध्वर्यू होत. १८९५ मध्ये ल्यूबेक येथे ऑस्टव्हाल्ट यांच्या ऊर्जावादाशी लुटव्हिख बोल्टस्मान यांचा तीव्र वाद झाला. जे कोणी पाहिले नाही ते का मानावे, हा आक्षेप हटवादाचा नव्हता. त्यामागे शास्त्रीय संयम होता.

या आक्षेपास उत्तर मिळाले ते गणनेने. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अविरत हालचाल रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये अभ्यासिली होती. ती रेणूंच्या आघातांमुळे घडते, असा सिद्धांत आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडला. त्यानंतर १९०८ पासून पॅरिस येथे झां पेरँ यांनी गॅम्बोज या पिवळ्या डिंकाचे समान आकाराचे कण पाण्यात सोडून निरनिराळ्या उंचीवर त्यांची मोजदाद केली. सुमारे साडेपाच किलोमीटर चढून गेल्यावर हवा निम्म्याने विरळ होते. हे कण मात्र दर ३० मायक्रॉन उंचीवर जवळजवळ निम्मे होत. या दोन उंचींच्या तुलनेवरून, कणाचे वजन ज्ञात असल्याने, रेणूचे वजन काढता आले.

पेरँ यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात आकाशाची निळाई, किरणोत्सर्ग, विद्युत्भार अशा भिन्न मार्गांनी काढलेली ॲव्होगाड्रो संख्या एकत्र मांडली. ती सर्व उत्तरे ६ × १०²³ ते ७.५ × १०²³ यांच्या दरम्यान येतात. अठरा ग्रॅम पाण्यात रेणू किती, या प्रश्नाचे ते उत्तर होय. ऑस्टव्हाल्ट यांनी १९०९ मध्येच आपले मत जाहीरपणे बदलले; बोल्टस्मान मात्र १९०६ मध्ये निवर्तले होते.

तोवर अणू कोणीही पाहिला नव्हता. शिवाय इलेक्ट्रॉनच्या शोधामुळे (१८९७) तो अविभाज्यही राहिला नव्हता. तरीही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले, कारण परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक साक्षी एकच गोष्ट सांगत होत्या. प्रत्यक्ष दर्शनाहून अशा स्वतंत्र साक्षींची एकवाक्यता कमी प्रमाण नसते, हे इतिहासाच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको.