नाव, नोंद आणि नाणे : नाशिक परिसराच्या संदर्भात डिजिटल चलनातील अनामिकतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पंचवटीतील रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूचे गाव, कुळ व पूर्वजांची नावे तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंदली जातात. फुले-प्रसादासाठी त्याने दिलेल्या रोख पैशावर मात्र त्याचे नाव राहत नाही. माणसाची नोंद आणि पैशाची नोंद या मुळात दोन भिन्न गोष्टी आहेत. डिजिटल चलनातील अनामिकता व कायद्याची अंमलबजावणी यांविषयीच्या चर्चेत त्यांची गल्लत होते. या दृष्टीने नाशिक परिसरातील पुराव्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाशिक परिसरातील पुरावे

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. पांडवलेणीतील शिलालेखानुसार २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक, तर उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. हे दान निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविण्यात आले. म्हणजे ठेवीचा विश्वास धातूपेक्षा सार्वजनिक नोंदीवर उभा होता.

१९०६ मध्ये जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. सत्ताबदलानंतर राजाचे नाव बदलले; परंतु नाणे कोणाकोणाच्या हातून गेले, याची खूण त्यावर नव्हती.

१९२८ पासून नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापल्या जाऊ लागलेल्या नोटांनीही हेच तत्त्व पाळले. नोटेला क्रमांक असतो, धारकाचे नाव नसते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ही अनामिकता बँकेच्या दारात संपली. मात्र रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के मूल्याच्या नोटा परत आल्या. केवळ नाव नोंदले गेल्याने पैशाचा उगम सिद्ध होत नाही, हेही त्यातून दिसले.

बिटकॉइन आणि तपास

जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने हा क्रम उलटा केला. त्यात धारकाचे नाव नसते, पण प्रत्येक हस्तांतर सर्वांना पाहता येईल अशा खतावणीत कायम राहते. त्यामुळेच २०१६ मध्ये बिटफिनेक्स या विनिमय केंद्रातून चोरीस गेलेल्या बिटकॉइनपैकी सुमारे ९४ हजार बिटकॉइन अमेरिकी यंत्रणेला २०२२ मध्ये जप्त करता आले. आभासी चलनाचे रुपयांत रूपांतर जेथे होते, तेथे ओळख द्यावी लागते. भारतात मार्च २०२३ पासून अशा व्यवहार केंद्रांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची कसोटी गेनबिटकॉइन प्रकरणात लागली. २०१५ पासून चाललेल्या या योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. उषवदाताच्या ठेवीच्या दराशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये गुन्हे नोंदविले. मार्च २०२२ मध्ये तपासात साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच बिटकॉइन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. खतावणी उघडी असली, तरी गुप्त किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याच हाती मालमत्ता, ही अडचण येथे स्पष्ट झाली. पुढे हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले.

समारोप

डिजिटल चलनाचे व्यावहारिक मूल्य केवळ त्याच्या अनामिकतेवर वा केवळ शासनाच्या नियंत्रणावर ठरत नाही. नोंद कोण ठेवतो, ती कोण वाचू शकतो आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, यांवर ते अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात लहान व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता देण्याचा विचार मांडला. १ डिसेंबर २०२२ रोजी ई-रुपयाचा किरकोळ व्यवहारांसाठीचा प्रायोगिक वापर सुरू झाला. सामान्य नागरिकाचा खासगीपणा राखून गुन्ह्याचा माग घ्यावयाचा, तर तपास यंत्रणेच्या ताब्यातील आभासी मालमत्तेचीही निगमसभेतील फलकाइतकीच पारदर्शक नोंद असणे आवश्यक आहे. अन्यथा नागरिकाचे नाव उघड होईल आणि त्याचा पैसा मात्र अनामिक हातांत जाईल.